शेवटचा घोट कधी घेतला, ते खरं सांगा

या वेळचं पत्र मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

«लग्नाला सोळा वर्षं झाली. मालक टेम्पो चालवतात. आधी सणासुदीला घ्यायचे, मग रोज संध्याकाळी. आता सकाळी चूळ भरायच्या आधी देशीचा घोट लागतो, नाहीतर हाताला अशी थरथर सुटते की चहाची बशी धरवत नाही. दिवसाला तीन क्वार्टर तरी होतात. पोळ्याला भावकीने देवापुढे शपथ घातली म्हणून एकदम बंद केली, तर दुसऱ्या रात्री फिट आली. दातखीळ बसली होती. आता ते स्वतःच म्हणतात, मला कुठंतरी दाखव. मागच्या महिन्यात सरकारी दवाखान्यात नेलं. दहाला रांगेत लागलो, बारा वाजले तरी नंबर येईना. ह्यांना घाम फुटला. बाथरूमला जातो म्हणून गेले ते पिऊनच आले. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, पिऊन आलाय, शुद्धीत घेऊन या. तसेच परत आलो. दीर म्हणतात, महिन्याला २५ हजार भरून खासगी केंद्रात टाकू, ते गाडी पाठवून उचलून नेतात. जाऊबाई म्हणतात, भाजीत मिसळायची पावडर मिळते. सरकारीत दारू खरंच सुटते का? वेड्यांच्या इस्पितळात तर टाकणार नाहीत? मुलगा आठवीत आहे. बापाशी बोलत नाही.»

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, सरकारीत सुटते. मी २६ वर्षं सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. तुमच्या मालकांइतकी, किंबहुना त्याहून जास्त पिणारी माणसं त्या वॉर्डातून चालत घरी गेलेली मी पाहिली आहेत. काही पुन्हा आली, काही तिसऱ्यांदा आली आणि मग थांबली. जी औषधं मोठ्या खासगी रुग्णालयात देतात, तीच तिथे देतात. अडचण औषधाची नसते. पहिली सकाळ निभावणं आणि घरी आल्यावरचे पुढचे महिने निभावणं, अडतं ते तिथे. तुमचं गाडं पहिल्याच ठिकाणी अडलं, आणि त्यात तुमची चूक नव्हती. सकाळी दारू न मिळाल्याने ज्याला कंप सुटतो त्याला दोन तास रांगेत उभं करायचं आणि तो पिऊन आला की «शुद्धीत या» म्हणून परत पाठवायचं, हे म्हणजे धाप लागलेल्या दम्याच्या रुग्णाला श्वास नीट झाल्यावर या म्हणण्यासारखं आहे. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हेच वाक्य मीही लोकांना ऐकवलं आहे. त्यातले किती जण पुन्हा आलेच नाहीत, हे मनातून जात नाही.

आता पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: फिट आली. यापुढे घरी अचानक दारू बंद करायची नाही. शपथ नाही, कोंडून ठेवणं नाही, माळ घालणंही नाही. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण हा शरीराचा मामला आहे. मालक गाडी चालवतात म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. दारू मेंदूवर ब्रेकसारखी काम करते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेलाच असला तर गाडी चालती ठेवायला मेंदू ॲक्सिलरेटर जास्त जास्त दाबत जातो. अशा वेळी ब्रेकवरचा पाय एकदम काढला तर गाडी उधळणारच. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येते ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास सुरू होतात: भिंतीवर किडे दिसतात, घरचं माणूस ओळखू येत नाही, अंग तापतं, माणूस उठून पळत सुटतो. गावात याला बाहेरची बाधा समजतात आणि रात्रभर अंगारा-धुपारा चालतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. एकदा फिट आलेल्याला पुढच्या वेळी धोका जास्त असतो. म्हणून असं काही दिसलं तर ओपीडीचा दिवस कोणता, हे बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि अपघात विभागात न्या, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

आणखी एक. «दारू उतरवायला» गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून आणायची पद्धत आहे. ती करू नका. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चाल लटपटते, डोळ्यांच्या हालचाली बिघडतात आणि पुढे स्मरणशक्ती जाते ती कायमची. वॉर्डात थायमिनचं इंजेक्शन आधी देतात ते याचसाठी.

तर, पुन्हा जायचं. या वेळी कसं जायचं, ते सांगते.

आदल्या दिवशी १४४४६ वर फोन करा. व्यसनमुक्तीसाठीची ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. किंवा १४४१६ वर, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, बोला. तिथे मराठीतून बोलता येतं. तुमच्या जिल्ह्यात मनोविकार विभागाची ओपीडी कुठल्या दिवशी असते आणि दाखल करून घेण्याची सोय कुठे आहे, एवढं विचारा. बऱ्याच जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात येतं. तुमच्याकडे येत असेल तर पुढच्या फेऱ्या वाचतील, तेव्हा तेही विचारून ठेवा. दाखल व्हायला मात्र थेट सिव्हिलला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातच जा.

त्या सकाळी मालकांनी थरथर थांबण्यापुरती थोडी घेतली तर त्यावरून भांडू नका. मी हे जाणूनबुजून लिहिते आहे, वाचणाऱ्यांना चमत्कारिक वाटेल तरी. फिटचा इतिहास असलेल्या माणसाने एस.टी.त दोन तास कोरडं बसण्यापेक्षा ते कमी धोक्याचं आहे. झिंगेपर्यंत नाही, आणि टेम्पो स्वतः चालवत तर मुळीच नाही. मात्र किती घेतली, किती वाजता घेतली, हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगायचं. शेवटचा घोट कधी घेतला यावर औषधाची मात्रा आणि वेळ ठरते. इथे लाजेपोटी कमी सांगितलं तर औषध कमी पडतं, आणि त्याची किंमत रात्री वॉर्डात मोजावी लागते. रोजच्या तीन क्वार्टर असतील तर तीनच सांगा. देशी की हातभट्टी, तेही सांगा. झोपेच्या गोळ्या किंवा गांजा असेल तर तोही.

सोबत एखादा धडधाकट नातेवाईक घ्या, शक्यतो दीर. एक जण केसपेपरच्या रांगेत उभा राहील, एक जण मालकांपाशी. तुम्ही दोघंच गेलात, म्हणून मागच्या वेळी त्यांना एकट्याने बाथरूमला जाता आलं. आधार कार्ड, रेशनकार्ड, जुने कागद, आधीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, चार-पाच दिवसांचे कपडे आणि तुमच्यासाठी चादर बरोबर ठेवा. वॉर्डात बहुतेक ठिकाणी नातेवाईक थांबावाच लागतो. दाखल करा म्हटल्यावर «उद्या येतो» म्हणून परतलेले किती तरी जण उद्या आलेच नाहीत.

केसपेपर काढला की रांगेत बसून राहू नका. सिस्टरांना किंवा डॉक्टरांना एकच वाक्य सांगा: «यांची दारू बंद केल्यावर फिट आली होती, आता पुन्हा थरथर सुरू झाली आहे.» हे वाक्य पाठ करून जा. «दारू सोडवायला आणलंय» म्हटलं की तो थांबू शकणारा रुग्ण ठरतो. फिटचं सांगितलं की तो तातडीचा रुग्ण ठरतो, आणि खरोखर तो तसा आहेच. तरीही कुणी दाद देईना तर समाजसेवा अधीक्षकांची खोली कुठे आहे ते विचारा. बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे पद असतं, पण लोकांना ठाऊक नसतं. रांगेतून वाट काढून देणं, बाहेरून लिहून दिलेल्या औषधाची सोय बघणं, घरच्यांशी बोलणं हे त्यांचंच काम. आणि तेही जमलं नाही, थरथर वाढत चालली, तर सरळ अपघात विभागात जा.

पैशाचं सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. तुमचं सिव्हिल जर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असेल तर तिथे हा निर्णय लागू नाही. केसपेपरचे, तपासण्यांचे थोडे पैसे पडतील. पिवळं रेशनकार्ड असेल तर ते तिथे दाखवा.

दाखल झाल्यावर काय होतं? पहिले सात ते दहा दिवस शरीरातली दारू सुरक्षितपणे काढायचे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा त्याच जातीचं दुसरं औषध देतात. वॉर्डात लोक त्याला लिब्रियम म्हणतात. ते ब्रेकची जागा घेतं आणि मग रोज थोडं थोडं कमी करत नेतात. यकृत फार बिघडलं असेल तर लोराझेपाम देतात. थायमिनची इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी होते. कावीळ असली किंवा रक्ताची उलटी झाली तर आधी मेडिसिनच्या वॉर्डात ठेवतात आणि मनोविकारतज्ज्ञ तिथे येऊन बघतात. पहिले तीन दिवस वाईट जातील. ते चिडतील, «मला घरी ने» म्हणून रडतील, कदाचित तुम्हाला नको ते बोलतील. त्या वेळी दारूच्या गोष्टी काढू नका, मागचे हिशोबही नकोत. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस पहिल्यांदा पोटभर जेवतो. त्या जेवणाची मी दर वेळी वाट पाहायचे.

वेड्यांच्या इस्पितळाची भीती मी समजू शकते. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. दारूच्या उपचारासाठी तुम्हाला तिथे जायची गरज बहुधा पडणार नाही, जिल्ह्याच्या रुग्णालयात हे होतं. पण पडली तरी त्यात लाजण्यासारखं काय आहे? आज ज्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव सगळा महाराष्ट्र आदराने घेतो, ते १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालं. तिथेच मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी ते उभं केलं.

कायदाही तुमच्या बाजूचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे, आणि सरकारी सेवेत उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. कलम ८६ प्रमाणे मालक स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकतात आणि स्वतः मागून घरी जाऊ शकतात. त्यांच्या जिवाला किंवा इतरांना धोका दिसला, किंवा स्वतःचा निर्णय समजण्याच्या वा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत ते नसले, तरच डॉक्टर त्यांना २४ तासांपर्यंत थांबवून पुन्हा तपासू शकतात. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे, ते ज्यांचा टेम्पो चालवतात त्यांना कुणी फोन करणार नाही. स्वतःला समजण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाला नातेवाइकाच्या अर्जावरून दाखल करायची वाट कलम ८९ मध्ये आहे. पण त्याला दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. नुसतं घरच्यांनी ठरवलं म्हणून कुणाला उचलून नेता येत नाही.

म्हणून दिरांना सांगा, गाडी पाठवून माणूस उचलणाऱ्या केंद्राला २५ हजार देऊ नका. सगळी खासगी केंद्रं वाईट नाहीत. चांगली आहेत, आणि पुढे गरज पडली तर जरूर जा. पण आधी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? पहिल्या आठवड्यात फिट आली तर काय करता? घरच्यांना भेटू देता का? महिनाभर भेट नाही म्हणाले तर तिथून उठा. रुग्णाला साखळीने बांधणं या कायद्याने सरसकट बंद केलं आहे, आणि तुमचा माणूस तर स्वतः «दाखव» म्हणतो आहे! असं माणूस क्वचित म्हणतं. त्याला पोत्यासारखं गाडीत घातलं तर ते वाक्य तो पुन्हा उच्चारणार नाही.

जाऊबाईंची पावडर तर नकोच. त्यात काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिरम असेल तर ते औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने आणि यकृत तपासूनच. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, कधी जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. न सांगता भाजीत घालणं म्हणजे नवऱ्यावर विषप्रयोग करण्यासारखंच आहे, हेतू कितीही चांगला असो. आणि त्यांना ते कळलं तर ते तुमच्या हातचं जेवतील का?

वॉर्डातून घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. शरीर दहा दिवसांत सुटतं, तलफ महिनोन्‌महिने येत राहते. ती कमी करायला नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत. कुठलं द्यायचं ते यकृत आणि मूत्रपिंड बघून डॉक्टर ठरवतात. तुम्ही स्वतः विचारा: «तलफेसाठी काही देणार आहात का?» डिस्चार्जच्या गडबडीत ते राहून जातं. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि मालक चांगले दिसत असले तरी ती चुकवू नका. लोक नेमके बरं वाटल्यावर यायचे थांबतात. झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असेपर्यंत टेम्पो नाही. घरखर्चाचा प्रश्न येईल, म्हणून ते दोन-तीन आठवडे दिरांनी गाडी बघावी असं आत्ताच ठरवा. २५ हजार देण्यापेक्षा त्यांची ही मदत मोठी ठरेल. जवळपास अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या गटाची, सभा होत असेल तर मालकांना जाऊ द्या, तिथे फी नसते आणि नाव-गाव कुणी विचारत नाही. घरच्यांसाठी तसाच अल्-अनॉन नावाचा गट असतो. तो तुमच्यासाठी.

आणि पुन्हा प्यायले तर? बरेच जण पुन्हा घसरतात. त्या दिवशी «सगळं वाया गेलं» म्हणून केसपेपर फाडू नका. दुसऱ्याच दिवशी तोच केसपेपर घेऊन जा. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांत एकालाच काही ना काही उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० मध्ये एकाला. मालकांना त्या एकात बसवायला तुम्ही एकदा रांगेत उभ्या राहिलात, तर आणखी एकदा उभ्या राहा.

एक गोष्ट पत्रात नाही, म्हणून विचारते. हात उचलतात का? उचलत असतील तर दारूचा उपचार चालू आहे म्हणून ते सोसायचं नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. डॉक्टरांनाही वेगळं भेटून सांगा. उपचार त्यांचा, पण सुरक्षित राहण्याचा हक्क तुमचा आणि मुलाचा आहे. तो कशावरही अवलंबून नाही.

मुलाबद्दल. आठवीतल्या पोराला सगळं दिसत असतं. पोळ्याच्या रात्री तो कुठे होता? दातखीळ बसलेला बाप त्याने पाहिला असेल तर त्याचा अबोला हा राग कमी आणि भीती जास्त असेल. त्याला बापाशी बोल म्हणून भरीस घालू नका. जायच्या आदल्या रात्री त्याला शेजारी बसवा आणि सांगा की बाबांना आजार झाला आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आम्ही उपचाराला चाललो आहोत, इतके दिवस तू अमक्याकडे राहशील. तो विचारेल, बाबा बरे होणार ना? तेव्हा «होणारच» असं म्हणू नका. आजवर त्याने शपथा पुष्कळ ऐकल्या आहेत. «उपचार सुरू होतील, आणि जे होईल ते मी तुला खरं सांगेन,» एवढंच म्हणा. आणि वॉर्डातून रोज संध्याकाळी त्याला फोन करा.